मालकांगोणी, मूषक आणि मनाचे औदासीन्य

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात झाडांवर चढलेली मालकांगोणीची वेल आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिची पिवळी फळे उकलली की आत केशरी-तांबड्या आवरणातील बिया दिसतात. आयुर्वेदात तिला ज्योतिष्मती म्हणतात व तिचे तेल बुद्धिवर्धक मानतात. वनोपजाच्या व्यापारातील बांधवांना हे बी परिचितच आहे.

या तेलाची परीक्षा हरियाणातील हिसारच्या संशोधकांनी उंदरांवर केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सतत ताण दिलेल्या उंदरांमधील औदासीन्याची लक्षणे तेलाने घटली, असे त्यांनी नोंदविले.

उंदराचे औदासीन्य मोजतात तरी कसे? १९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी मांडलेल्या पद्धतीत उंदराला बाहेर पडता येणार नाही अशा पाण्याच्या भांड्यात सोडतात. तो आधी धडपडतो, मग निश्चल तरंगतो. औषधाने ही निश्चलता कमी झाली तर ते माणसाचे नैराश्यही दूर करू शकेल, असे अनुमान काढतात. परंतु कॅफिनसारख्या उत्तेजक द्रव्यानेही ती कमी होते. शिवाय निश्चल राहणे ही हताशा नसून शक्ती राखण्याची युक्ती असू शकेल, असा आक्षेप आज अनेक शास्त्रज्ञ घेतात. म्हणजे अशी चाचणी ही केवळ पहिली पायरी होय. रुग्णांवरील शास्त्रशुद्ध परीक्षेवाचून ते औषध ठरत नाही.

अहिंसेचे व्रत मानणाऱ्या आपल्याला त्या मुक्या जिवाच्या धडपडीकडे डोळेझाक करता येणार नाही. शक्य तेथे असे प्रयोग टाळावेत, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच नमूद आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने नव्या औषधांच्या नियमांत पेशी व संगणकाधारित पर्यायी पद्धतींना स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे.

आपले कर्तव्य मात्र दुकानाच्या पेढीवरच सुरू होते. मालकांगोणीचे तेल अवश्य विकावे. परंतु ‘नैराश्य हमखास बरे होते’ असे सांगून विकणे हे असत्य होय. त्या शब्दावर विसंबून एखाद्याने डॉक्टरांचे औषध सोडले, तर हानी माणसाच्या जिवाची होते. घरात कोणी दीर्घकाळ उदास असेल, तर संकोच न करता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

जय जिनेंद्र.