सरकारी खरेदीसाठी कायदाच हवा



निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा तामिळनाडूने १९९८ मध्ये केला, कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये. माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी करणारा महाराष्ट्र मात्र सरकारी खरेदी अजून शासन निर्णयांवरच चालवतो. २०१६ ची खरेदी नियमपुस्तिकाही शासन निर्णयच. तिच्यातले नियम वाईट नाहीत; पण मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय मंत्रालयातूनच बदलतो, त्यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही. औषधखरेदीसाठी २०२३ मध्ये प्राधिकरणाचा कायदा झाला. मग रस्ते, पूल, शाळेतली बाके यांच्यासाठी का नाही?

‘ई-निविदा आहेत ना,’ असे उत्तर मिळते. आहेत, आणि त्यांनी फरकही पडला. पण त्यांचा उजेड कार्यादेश निघेपर्यंतच. पुढे अंदाजपत्रकाबाहेरच्या बाबी कोणी मंजूर केल्या, मुदतवाढ देताना दंड घेतला की माफ केला, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदले, हे ज्या गावात रस्ता होतो त्या गावालाच कळत नाही. कमी दर भरून काम मिळवायचे आणि कसर वाढीव मंजुऱ्यांतून भरून काढायची, ही वाट इथेच मोकळी राहते. माहिती मागितली, तर व्यापारी गोपनीयतेचे कलम पुढे करता येते. लोकांच्या पैशातून चुकत्या केलेल्या बिलात ठेकेदाराचे कसले गुपित?

म्हणून कायद्यात एक कलम ठामपणे हवे: करारातला प्रत्येक बदल आणि प्रत्येक देयक संकेतस्थळावर चढल्याशिवाय पुढचे देयक निघणार नाही. असा अडसर नसेल, तर माहिती जाहीर करण्याची सक्ती कागदावरच राहील. एकच निविदा आली आणि ती स्वीकारली, तर त्याची कारणेही जाहीर व्हावीत. डावललेल्या निविदाकाराला स्वतंत्र अपील हवे. छोट्या ठेकेदाराला उच्च न्यायालयाचा खर्च झेपत नाही. पूर किंवा साथीच्या वेळी निविदेतून सूट जरूर द्यावी, पण दर आणि पुरवठादाराचे नाव लपवण्याची नको.

केंद्राची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक २०१४ मध्ये ती लोकसभा संपताच बारगळले. राज्य सरकारने येत्या अधिवेशनात स्वतःचे विधेयक आणावे आणि त्याआधी मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला करावा.