कोरा रकाना

कळमनुरीच्या बाजाराला गेलं की हॉटेलात अर्ध्या चहाबरोबर हा वाद ठरलेला. एक म्हणतो, कळंबाच्या झाडावरून गावाचं नाव पडलं. दुसरा म्हणतो, नुरीबाबाच्या दर्ग्यावरून. तिसरा जरा शिकलेला असला की उर्दूतला ‘कलम’ काढतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर अन् उस्मानाबादचं धाराशिव झाल्यापासून तर वादाला जास्तच उकळी आलीय. माझं म्हणणं एवढंच, की कळंब अन् नुरी एका पाटीवर इतकी वर्षं नांदले, त्यांना नांदू द्या. भांडायचंच असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत मेलेल्या नावांसाठी भांडा.

माझं वावर कयाधूच्या काठाला. प्रल्हादाच्या आईचं नाव घेतलेली ही नदी उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवते, पण भादव्यात तिचा भरवसा नाही. आमच्या शिवारात प्रत्येक तुकड्याला नाव होतं. थडीचं, चिभड्याचं, बरडाचं, दोन ओघळीतलं, डोहावरचं. माझी माय शाळेत गेली नव्हती, पण चिभड्यात कापूस घालू नये हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. नावच सांगत होतं. बरडात पाणी ठरत नाही, चिभड्यात हटत नाही. थडीला गाळ मिळतो अन् पूरही मिळतो.

मग १९५४ चं खासरा पत्रक झालं, सातबारा आला, सर्वे नंबरचे गट नंबर झाले. नंबर वाईट नाही. तो नसता तर भावाभावांनी बांधावर डोकी फोडली असती. (आताही फोडतात, ते सोडा.) पण नंबराला चढउतार कळत नाही.

एका साली वरच्या अंगाला झोडपून पाऊस झाला. आमच्याकडं नुसती भुरभुर. रात्रीतून कयाधू थडीवर चढली, सोयाबीन दोन दिवस पाण्याखाली. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, “बाबा, तुमच्या मंडळात अतिवृष्टीच नाही.” मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर ती अतिवृष्टी.

म्हणलं, “साहेब, पाऊस नाही, नदी आली. वावराचं नावच थडीचं हाय.”

“सातबाऱ्यावर कुठंय?”

गप घरी आलो. रागारागात उतारा काढून बघितला, तर वरच्या बाजूला छापलेलंच: ‘शेताचे स्थानिक नाव’. पुढं कोरं. ट्रंकेतले चारही उतारे काढले, चारही कोरे. म्हणजे सरकारनं जागा ठेवली होती! कोणी विचारलं नाही, अन् आम्हीही सांगितलं नाही. ज्या माणसाला आपल्या वावराचं नाव कागदावर नाही याचा तीस वर्षं पत्ता नसतो, त्यानं गावाच्या नावावर छाती पिटू नये. हे मी माझ्यावर धरूनच म्हणतो.

शहराच्या कडेला तर याहून वाईट. जिथं बेडकं ओरडायची त्या खोलगटीला आता कुठलं तरी ‘नगर’, कुठलं तरी ‘विहार’. माझ्या एका पाहुण्यानं चैतात प्लॉट घेतला. जमीन कोरडी ठणठणीत. घर झालं, अन् आषाढात पाणी जोतं ओलांडून आत आलं. पलीकडची म्हातारी म्हणाली, “बाबा, हे तर डबक्याचं वावर!” खरेदीखतात गट होता, चौरस फूट होते, चतुःसीमा होती. डबकं नव्हतं. अन् म्हातारीला आधी विचारलं कोणी?

गावाचं नाव बदला म्हणून निवेदनं देणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे. तसलंच एक निवेदन तलाठ्याकडं द्या, की आमचा कोरा रकाना भरा. त्याला मोर्चा लागत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला गोडी वाटणार नाही.

मी दोनशे पानी वही घेऊन बसलो. सतरा नावं मला आठवली. मग चुलतीकडं गेलो. तिनं आणखी नऊ सांगितली. त्यातलं ‘हत्तीबुड’ म्हणजे माझ्याच वावराला लागून असलेला नदीकाठचा तुकडा. तो मी जन्मभर नुसता नंबरानं ओळखत होतो.