अंकुराचे तारण

“मुलगा सिनेमात जायचे म्हणतो, काय करावे?” ओळखीतले आईबाप मला हमखास विचारतात. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. त्यामुळे अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात. चाळिशीत सिनेमाचे वेड लागलेल्या या गृहस्थाने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडन गाठले, कॅमेरा आणला. पण मोठे भांडवल मागण्याआधी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते, याची छोटी फिल्म करून दाखवली. तेव्हा कुठे सावकार राजी झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ असा एका घराने उभा केला.

म्हणून मुलाला ‘यश मिळेल का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर फाळक्यांकडेही नव्हते. ‘आजवर काय करून पाहिलेस?’ असे विचारावे. हाती एखादा अंकुर असेल, तर घराने दोन-तीन वर्षांची मुदत जरूर द्यावी. नसेल, तर त्याने नोकरी सांभाळून आधी तो रुजवावा. मुलांनीही एक विसरू नये. तारण म्हणून जातात, ते बहुधा आईचेच दागिने!