उंबरठ्यापासून लाटेपर्यंत

महाडजवळच्या सव गावी सावित्रीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. सांधेदुखीवर आणि त्वचाविकारांवर हे पाणी गुणकारी, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. माझ्या आत्याचे दोन्ही पाय बालपणीच पोलिओने अधू झाले, तेव्हा आजोबा तिला खांद्यावर घेऊन या झऱ्यांवर नेत असत. पायांत बळ आले नाही, परंतु तेथे बसून तिने आजोबांना एकदा विचारले होते, “ही नदी पुढे कुठे जाते?” आजोबा म्हणाले, “समुद्राला.”

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून हरिहरेश्वरापाशी अरबी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून उलट महाडपर्यंत चढते. म्हणजे समुद्र आत्याच्या गावापर्यंत येत होता. आत्या मात्र वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत समुद्राला पोहोचली नव्हती.

कोणी नेणारे नव्हते असे नाही. घरात चार धट्टेकट्टे भाऊ, पुढे आम्ही भाचे. प्रत्येक सहलीच्या वेळी आम्ही म्हणत असू, “आत्या, चला, आम्ही उचलून नेतो.” आणि प्रत्येक वेळी ती हसून घरी राहत असे. गेल्या वर्षी मी कारण विचारले. ती म्हणाली, “अरे, लहानपणी खांद्यावर बसणं वेगळं. आता चारचौघांत गाठोडं होऊन जायचं, आणि परत कधी निघायचं तेही उचलणाऱ्यांनीच ठरवायचं, असा समुद्र मला नको.”

या एका वाक्याने आमच्या सेवाभावाचे माप आमच्याच पदरात घातले.

मग आम्ही तयारीस लागलो. माणगाव, म्हसळा मार्गे दिवेआगर निश्चित केले. कारण तेथील पुळण लांब, सपाट आहे, हरिहरेश्वरासारखे खडक व पायऱ्या नाहीत. मुक्कामाच्या जागी दूरध्वनीवर विचारले, तर “तळमजल्याची खोली आहे, काही अडचण नाही,” असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात खोलीपुढे तीन पायऱ्या, आणि न्हाणीघराचा दरवाजा खुर्चीपेक्षा अरुंद! मालक सज्जन होते. दोष हेतूचा नव्हता, मापाचा होता. म्हणून वाचकांनी “सोय आहे का?” असे कधीही विचारू नये. पायऱ्या किती, दरवाजा किती इंच रुंद, कमोड व भिंतीला धरण्याचा दांडा आहे का, असे विचारावे आणि छायाचित्र मागवावे. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. दरवाजा तीन फुटांचा असेल तर ती सुखाने जाते.

किनाऱ्यावर खरी परीक्षा कोरड्या वाळूची. खुर्चीची पुढची लहान चाके तीत रुततात. त्यासाठी प्लायवुडच्या आठ फूट लांब, तीन फूट रुंद अशा दोन फळ्या आम्ही बरोबर नेल्या होत्या. एकीवरून खुर्ची पुढे गेली की मागची उचलून पुढे टाकायची. फळ्या नसतील तर खुर्ची उलटी फिरवून मागे मागे ओढावी, म्हणजे मोठी चाके वाट काढतात. ओहोटीची ओली वाळू मात्र घट्ट असते. वेळ साधण्यासाठी पंचांग पुरते, आणि अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आपल्या घरांना तिथी सांगावी लागत नाही. आपल्या कोकणपट्टीवर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी सायंकाळी सहाच्या आसपास असते. पाणी उतरत असतानाच जावे, चढू लागण्यापूर्वी परतावे. घरी आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर खार तिला खातो.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन उरकून आम्ही पुळणीवर उतरलो. ओली वाळू लागताच आत्याने सांगितले, “आता सोडा.” तिने स्वतःच्या हातांनी चाके फिरवली. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा ती काही बोलली नाही. किती वेळ थांबायचे, हे त्या दिवशी तिने ठरवले.

ग्रीसच्या अनेक किनाऱ्यांवर आणि सायप्रस बेटावर ‘सीट्रॅक’ नावाची सोय आहे. रुळांवरून सरकणारी, सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची माणसाला थेट पाण्यात नेते, आणि तिची कळ त्याच्याच हाती असते. आपल्या देशातही चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये लाटांच्या जवळपर्यंत जाणारा लाकडी मार्ग झाला. पुढच्याच महिन्यात मांडूस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली. तो दुरुस्त करून पुन्हा खुला करण्यात आला. कोकणालाही हे अशक्य नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या सेवा सर्वांना सुगम असाव्यात असे सांगतो.

आपल्या समाजाची या क्षेत्रातील परंपरा मोठी आहे. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो गरजूंना कृत्रिम पाय व साधने विनामूल्य दिली. गावोगावच्या शिबिरांतून आपण खुर्च्या वाटतो. परंतु दिलेली खुर्ची आपल्याच दुकानाच्या, धर्मशाळेच्या, लॉजच्या पायरीशी अडली, तर ते दान अर्ध्यावरच राहिले.

महाडच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानाचे जोते पुरासाठी उंच बांधलेले आहे. जुलै २०२१ च्या महापुरानंतर उंची कमी करण्याचा विचारही कोणी करणार नाही. दर्शनी तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. फुटाला बारा फूट उतार या नियमाने अठरा फूट लांबीचा उतार हवा, आणि रस्त्यावर तेवढी जागा नाही. दिवेआगरहून परतताना आत्यानेच तोड सांगितली, “मागं गोदामाच्या बाजूला बोळ आहे ना? तिथून करा.”

गवंड्याने माप घेतले आहे. इतकी वर्षे आत्या वहीपूजनाला उचलून आणली जात असे, किंवा घरीच राहत असे. या दिवाळीला ती गोदामाच्या दाराने येईल, आणि आपल्या वेळेला येईल.

वाचकांनी आज एवढेच करावे. मोजपट्टी घेऊन आपला उंबरठा मोजावा.