पिशवी म्हणते, मी प्लास्टिक नाही

बेळगाव-खानापूर रस्त्यावर मच्छेत काय, शहरात काय, कपड्यांच्या दुकानात माल बहुतेक वेळा ज्या पिशवीत घालून देतात ती दिसायला कापडाची, हाताला खरखरीत आणि अनेकदा हिरवी असते. वर इंग्रजीत 'इको फ्रेंडली' छापलेले असते. उजेडात धरली की अंगभर बारीक ठिपके दिसतात. ही वीण नव्हे, उष्णतेने दाबून तंतू चिकटवल्याच्या खुणा आहेत. कडेला काडी लावली तर सुती कापडासारखी राख होत नाही. पिशवी आकसते, वितळते, थेंबाथेंबाने गळते आणि गार झाल्यावर त्याचे टणक मणी होतात. ही पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सरळसरळ प्लास्टिकची पिशवी. केंद्र सरकारही तिला प्लास्टिकच मानते. न विणलेली पिशवी चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असू नये, हे ३० सप्टेंबर २०२१ पासूनचे बंधन प्लास्टिक कचरा नियमांतलेच आहे. बोलण्यात मात्र ती कधीच 'कापडी पिशवी' होऊन बसली आहे.

हा गैरसमज कुणाच्या तरी फायद्याचा आहे. कर्नाटकाने ११ मार्च २०१६ रोजी प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले, चमचे यांच्यावर जाडी न बघता बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी २३ मार्च २०१८ ची. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. कागल ओलांडून निपाणीत येणारा माल एका बंदीतून निघून दुसऱ्या बंदीत शिरतो. बंदीपूर्वी पिशवीला स्वतःबद्दल काही सांगायची गरज नव्हती. बंदीनंतर तिच्यावरचा मजकूर हाच तिचा परवाना झाला. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याकडे फार तर जाडी मोजायचे साधन असते. पिशवी कशाची आहे हे त्याला वाचूनच ठरवावे लागते, आणि वाचायचा मजकूर ज्याने पिशवी विकली त्यानेच छापलेला असतो.

हे झाले उघड खोटे. जास्त गुंतागुंतीचे प्रकरण आहे ते रीतसर प्रमाणपत्र घेतलेल्या कंपोस्टेबल पिशवीचे. 'मी प्लास्टिक नाही' असे ती ऐटीत सांगते, आणि एका मर्यादेत तिचे म्हणणे चुकीचेही नाही. भारतीय मानक १७०८८ नुसार साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित कंपोस्टमध्ये १८० दिवसांत तिचे ९० टक्के विघटन व्हावे लागते. पण पावसाळ्यात बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात अडकलेल्या पिशवीला सहा महिने ५८ अंश कोण देणार? बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो. ढिगातून वेचणाऱ्या हाताला साधी पिशवी आणि कंपोस्टेबल पिशवी सारखीच लागते. प्रमाणपत्राचा क्रमांक वाचत बसायला तिथे सवड कुणाला? कंपोस्टेबल पिशवी पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो मालही बिघडतो. म्हणजे प्रयोगशाळेत खरे ठरलेले वाक्य गटाराच्या काठावर खोटे ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे की पर्यावरणाच्या दाव्याचे खरेखोटे वस्तू जिथे विकली आणि टाकली जाते त्या गावच्या कचऱ्यात ठरले पाहिजे. जिथे ती कुजवायची सोय नाही, तिथे कुजण्याची जाहिरातही नको.

कायदे आहेतच, मग आणखी नियम कशाला, असा आक्षेप येईल. कायदे आहेत आणि ते वाटतात तितके लेचेपेचे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन हीसुद्धा जाहिरातच आहे. फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला खास हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'ग्रीन', 'इको फ्रेंडली', 'सस्टेनेबल' असे शब्द वापरायचे तर पुरावा आणि खुलासा द्या, असे ती सांगतात. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती होऊन, मागे सूक्ष्म प्लास्टिक न ठेवता जैविक क्रियेने नष्ट होणाऱ्या प्लास्टिकलाच 'बायोडिग्रेडेबल' म्हणता येईल अशी व्याख्या आली. गोम आहे ती खुलाशात. खुलासा क्यूआर कोडमागे ठेवायची मुभा आहे. दावा बोटाएवढ्या अक्षरांत आणि अट मोबाइलच्या पडद्याआड! भाजीच्या गाड्यापाशी उभे राहून कोड स्कॅन करणारा ग्राहक कायदा लिहिणाऱ्यांनी कुठे पाहिला असेल तर असेल. युरोपीय संघाने या बाबतीत सरळ वाट धरली: २७ सप्टेंबर २०२६ पासून मोघम हिरवे शब्द सिद्ध झालेल्या गुणाशिवाय वापरताच येणार नाहीत. आपल्याकडेही खुलाशाची पळवाट बंद करून मोघम शब्दच बाद करावेत. राहिलेल्या दाव्याची अट दाव्याच्याच आकारात, शेजारी छापावी: 'फक्त औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजते, इतरत्र प्लास्टिकसारखीच राहते.'

मच्छे किंवा उद्यमबागेतल्या लहान कारखानदाराला हे परवडणार का, हा प्रश्न रास्त आहे. चाचण्यांना पैसा लागतो, महिने जातात. पण दावा करणे सक्तीचे नाही. जो पिशवीवर काही मोठेपणा छापत नाही त्याला या नियमाचा एक पैसाही खर्च नाही. आज नुकसान सोसतो तो खरी सुती पिशवी शिवणारा. दोन्ही पिशव्यांवर तेच हिरवे पान असेल तर गिऱ्हाईक स्वस्त पान उचलते. कडक नियमांमुळे चांगले पर्याय शोधणारेही गप्प बसतील, अशी दुसरी भीती घातली जाते. काही जण बसतीलही. 'यात ५० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक आहे' असे मोजता येणारे वाक्य लिहायला मात्र कुणाचीच मनाई नसेल, आणि मोजता न येणारे वाक्य गेल्याने कुणाचे काही बिघडणार नाही. माल कुठल्या गावात जाईल ते कारखानदाराला कसे कळणार, ही अडचण खरी आहे. म्हणूनच कुजण्याची सोय नसलेल्या भागात दाव्याचा माल विकू नये ही जबाबदारी वितरकावरही हवी; बिले त्याच्याकडे असतात.

भाषेचा मुद्दा सीमाभागात काढला की वेगळेच काही सुरू होते, तरी तो काढायला हवा. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवे, असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. पिशवीवरच्या हिरव्या वाक्यात खरेपणा किती टक्के असावा, यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. वेष्टनावरची सक्तीची माहिती हिंदी किंवा इंग्रजीत दिली की वजनमापाच्या नियमांचे समाधान होते. त्यामुळे 'इको फ्रेंडली' या दोन शब्दांपुढे मराठी आणि कन्नड वाचणारे सारखेच फसतात. दावा आणि त्याची अट स्थानिक भाषांत, म्हणजे इथे कन्नड आणि मराठी दोन्हींत, असावी.

हे नियम होतील तेव्हा होतील. आजही हातात एक गोष्ट आहे. फसव्या जाहिरातीची तक्रार दिल्लीलाच करावी लागते असे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, आणि तिची चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार १६ व्या कलमाने त्यांना दिला आहे. पुढच्या वेळी 'मी प्लास्टिक नाही' म्हणणारी पिशवी प्रमाणपत्र क्रमांकाशिवाय हातात आली, तर ती टाकून देऊ नका. बिलासह बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जमा करा आणि पोच घ्या.