विज्ञान कळले, तरी दरी का?

हवामानबदलामागचे विज्ञान लोकांना नीट समजावून सांगितले की त्यावरचे राजकीय वाद मिटतील, हा समज जुना आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला तडा दिला. सुमारे दीड हजार अमेरिकी प्रौढांच्या या पाहणीत, विज्ञानाची आणि आकडेमोडीची जाण जास्त असलेल्यांमध्येच हवामानाच्या धोक्याविषयीची मते अधिक दुभंगलेली दिसली. जाणकार माणूसही आपली बुद्धी आपल्या गटाची बाजू लढवण्यासाठी वापरतो. तापमानाचा आलेख नाकारल्याने त्याचे लगेच काही बिघडत नाही; आपल्या माणसांत परके ठरणे मात्र महागात पडते.

मग ही दरी सांधायची कशी? उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. आम्लवर्षेला आळा घालण्यासाठी १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली. अध्यक्ष होते रिपब्लिकन पक्षाचे थोरले जॉर्ज बुश, तर संसदेत बहुमत डेमोक्रॅट पक्षाचे. प्रदूषणाची एकूण मर्यादा सरकारने ठरवली. ती कशी पाळायची, हे वीज कंपन्यांवर सोडले. ज्या कंपनीने प्रदूषण अधिक घटवले, तिला उरलेले परवाने विकता येऊ लागले. पर्यावरणवाद्यांना मर्यादा मिळाली, बाजारवाद्यांना मोकळीक. अमेरिकेतील वीज प्रकल्पांतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड तेव्हापासून ९० टक्क्यांहून अधिक घटला. त्याचा लाभ दोन्ही पक्षांच्या मतदारांच्या फुफ्फुसांना झाला.

याउलट २०२२ चा हवामानविषयक तरतुदींचा मोठा कायदा एकाही रिपब्लिकन मताविना संमत झाला. त्यातून आलेली बरीचशी गुंतवणूक रिपब्लिकन मतदारसंघांतच गेली. तरीही सत्तापालटानंतर, २०२५ मध्ये, त्यातील अनेक करसवलतींना कात्री लागली. नुसता लाभ पदरात टाकून कायदा आपला वाटत नाही. तो घडवण्यात हात असावा लागतो.

वातावरणात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे टिकतो. त्याला आवर घालणारे धोरण एका निवडणुकीपुरते टिकून चालणार नाही. त्यासाठी आलेख दाखवण्याइतकाच वेळ मसुदा ठरवताना विरोधकांसोबत बसण्यात घालवावा लागेल. त्यात मनासारखा कायदा पदरी पडेलच असे नाही, पण जो पडेल तो टिकण्याची शक्यता अधिक.