अथेन्सचा तट आणि अथेन्सची खंडणी

इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणांगणावर इराणी सैन्याचा निःपात झाला आणि अथेन्सचे नागरिक सलामिस, इजिना व ट्रॉयझेन येथे हलविलेल्या आपल्या बायकामुलांसह स्वगृही परतले, तेव्हा दोन वर्षांत दोनदा जाळल्या गेलेल्या त्या नगरात तटाचे थोडेसे अवशेष आणि इराणी सरदारांनी मुक्कामासाठी राखलेली मोजकी घरे, एवढेच काय ते शिल्लक होते.

अशा वेळी स्पार्टाचे वकील आले. अथेन्सने तट बांधू नये, उलट पेलोपोनीज द्वीपकल्पाबाहेरील इतर नगरांचे तट पाडण्यास हातभार लावावा, म्हणजे इराणी फिरून आलाच तर थीब्जसारखे तटबंद ठाणे त्याच्या हाती पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मसलत हिताची दिसत होती. तिच्या पोटात मात्र अथेन्सच्या नव्या आरमाराची धास्ती होती. हे ओळखून अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस स्वतः स्पार्टास गेला आणि सहकारी वकील आल्याखेरीज बोलणे करता येत नाही, या सबबीवर दिवस काढीत राहिला. त्या सहकाऱ्यांना, तट लढविण्याजोगा उंच होईतो निघू नका, असे त्यानेच बजावून ठेवले होते. चौकशीस आलेल्या स्पार्टन वकिलांना अथेन्सने गुपचूप अडकवून ठेवले आणि तट उभा राहताच थेमिस्टोक्लीसने खरे काय ते सांगून टाकले.

इकडे स्त्रीपुरुष, मुलेबाळे सारी कामाला लागली होती, आणि घर खासगी असो वा सरकारी, दगड मिळेल तेथून उचलला जात होता. थडग्यांवरच्या शिळाही त्यातून सुटल्या नाहीत. इतिहासकार थ्युसिडिडीसने हे लिहून ठेवले आहेच. त्याला दगडाचाही पुरावा आहे: अथेन्सच्या केरामाइकोस या दफनभूमीत १९२२ साली त्या तटातून थडग्यावरील एका पुतळ्याची बैठक निघाली, तिच्यावर मल्लयुद्ध करणारे तरुण आणि झुंजीसाठी समोरासमोर आणलेले कुत्रे व मांजर कोरलेले आहेत. पूर्वजांचे स्मारक तटात चिणताना त्या लोकांचे हात थरथरले असतील. पण थांबले नाहीत.

हा निर्णय चुकला, असे कोण म्हणेल? दुसऱ्याच्या आश्रयाच्या वचनावर आपली वेस उघडी टाकणारे नगर फार काळ स्वतंत्र राहत नाही. चुकले ते पुढे. इराण्यांशी लढा चालू ठेवण्यासाठी अथेन्सच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या डेलोसच्या संघात मित्रनगरांनी स्वेच्छेने दिलेली वर्गणी हळूहळू खंडणी झाली, संघातून फुटू पाहणाऱ्या नॅक्सॉस बेटाला वेढा घालून नमविण्यात आले, आणि इ. स. पूर्व ४५४ मध्ये संघाचा खजिनाच अथेन्सला आणण्यात आला. दरम्यान नगरापासून पिरेयस बंदरापर्यंत सुमारे सहा किलोमीटर लांब भिंती उभ्या राहिल्या, आणि शेती सोडून समुद्रावर जगता येईल असा भरवसा अथेन्सला वाटू लागला. त्याच भरवशावर अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पत्करले आणि खेड्यापाड्यांतील प्रजा तटाच्या आत आणली. दुसऱ्याच वर्षी त्या दाटीत साथ शिरली आणि तिने शत्रूपेक्षा अधिक माणसे नेली. ४०४ मध्ये समुद्रावरून येणारी रसद तुटताच अथेन्स शरण आले, आणि त्या लांब भिंती बासरीच्या सुरांत पाडण्यात आल्या. दहा-अकरा वर्षांनी अथेन्सचाच सेनापती कोनॉन याने त्या पुन्हा उभारल्या, त्या इराणी पैशाने!

परचक्राच्या भयातून केलेला बंदोबस्त सहसा आपणहून संपत नाही; भय ओसरले तरी त्याची वसुली चालूच राहते, आणि ज्यांच्या रक्षणासाठी ती सुरू झाली तेच तिचे पहिले बळी ठरतात. म्हणून संकटात तट जरूर बांधावा. पण संकट टळल्यावर त्याच्या नावाने घेतलेल्या अधिकारांचा आणि पैशाचा हिशेब राज्यकर्त्यांकडून न चुकता मागावा, कारण तो मागणारे मित्र अथेन्सला बंडखोर वाटले, आणि तेथूनच त्याच्या विनाशास आरंभ झाला.